कॉट्सवोल्ड्समध्ये सायकलवर चार दिवस, निवांत

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणारं पन्नाशीतलं मराठी जोडपं. दोघांकडे साध्या हायब्रिड सायकली आहेत आणि सुटीच्या दिवशी थेम्सकाठी पंचवीस-तीस किलोमीटर चालवायची सवय आहे. जून किंवा सप्टेंबरमध्ये चार दिवस काढून कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांतून फिरायचं आहे. तंबू नको, घाई नको, जेवण शाकाहारी. भीती एकच, चढ झेपतील का?

झेपतील. पण ते पायांपेक्षा मार्ग कसा आखता यावर जास्त ठरतं. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण किलोमीटर मोजतात आणि तिथेच फसतात. तीस किलोमीटरचा दिवस घाम काढतो आणि चाळीसचा सहज पार पडतो, असं या भागात नेहमी होतं. त्याचं कारण जमिनीच्या रचनेत आहे.

कॉट्सवोल्ड्स म्हणजे एका बाजूला उचललेला चुनखडीचा पाट. उचललेली कड पश्चिमेला आणि वायव्येला आहे. तिथे चेल्टनहॅमजवळच्या क्लीव्ह हिलवर उंची ३३० मीटरपर्यंत जाते आणि पलीकडे जमीन एकदम कोसळते. पूर्वेकडे मात्र हा पाट ऑक्सफर्डच्या दिशेने सावकाश उतरतो. विंडरश, कोल्न, लीच, इव्हनलोड या नद्या त्याच उताराने साधारण आग्नेयेला वाहत जाऊन थेम्सला मिळतात. म्हणून नदीच्या बाजूने जाणारा रस्ता वर जाताना असो वा खाली येताना, जवळजवळ सपाट वाटतो. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं म्हटलं की मधली धार चढावी लागते, दर वेळी साठ ते शंभर मीटर. दिवसात अशा दोन-तीन धारांपेक्षा जास्त चढायच्या नाहीत, बाकी दिवस नदीकाठाने काढायचा. ब्रॉडवे आणि विंचकम ही गावं सुंदर आहेत, पण ती कडेच्या खाली आहेत. तिथे उतरलात की परत वर यायला सुमारे दोनशे मीटर चढावे लागतात. पहिल्या फेरीत ती सोडा.

मार्ग कागदी नकाशावर आखावा असं माझं ठाम मत आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेची गुलाबी मुखपृष्ठाची लँडरेंजर मालिका घ्या, प्रमाण १:५०,०००. १६३ क्रमांकाच्या शीटवर खाली दिलेला जवळपास सगळा मार्ग येतो, फक्त चार्लबरीजवळचा तुकडा १६४ वर आहे. सायकलवाल्यासाठी या नकाशातले पिवळे रस्ते महत्त्वाचे, त्यातही अरुंद पिवळे, म्हणजे चार मीटरपेक्षा कमी रुंदीचे. कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, दर दहा मीटरला असते. बोटाने रस्ता धरून चढाच्या बाजूने ओलांडलेल्या रेषा मोजल्या की दिवसाची चढाई मिळते. रस्त्यावर एक बाण दिसला तर चढ १४ ते २० टक्के. दोन बाण म्हणजे त्याहूनही तीव्र. बाणाचं टोक उताराच्या दिशेला असतं, हे पुष्कळ जण उलट वाचतात.

वेळेचा हिशोब असा करा. सपाटीवर सामानासह ताशी १२ किलोमीटर, आणि त्यावर दर शंभर मीटर चढाईला दहा मिनिटं. चाळीस किलोमीटर आणि ४५० मीटर चढाई असेल तर सीटवरचे तास झाले चार. चर्च, चहा, फोटो, चुकलेलं वळण धरून सात तास. इंग्लंडमध्ये जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून हे सात तास आरामात बसतात. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की पाचच्या आत अंधार पडतो आणि हाच दिवस ओढाताणीचा होतो.

फोनवरचं ॲप जरूर वापरा, पण त्याने आखलेला मार्ग तसाच्या तसा घेऊ नका. ॲपला ‘ब्राइडलवे’, म्हणजे घोड्यांसाठी राखलेली पायवाट, सायकलला योग्य वाटते. कायद्याने ती योग्यच आहे. १९६८ पासून इंग्लंडमध्ये त्यावर सायकल नेता येते, फक्त पादचाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. पण पाऊस झाला की घोड्यांच्या टापांनी तिचा चिखलवाफा होतो, आणि मडगार्डमध्ये चिखल बसून चाक फिरेनासं होतं. ‘फुटपाथ’ असा फलक असलेली शेतातली वाट मात्र फक्त चालणाऱ्यांची. तिथे सायकल चालवायची नाही. निळ्या पाटीवर लाल चौकोनात आकडा दिसला तर तो नॅशनल सायकल नेटवर्कचा मार्ग. तो बहुधा चांगला असतो, पण ‘बहुधा’ हा शब्द लक्षात ठेवा.

ए४०, ए४२९, ए४२४, ए४३६ हे रस्ते फक्त ओलांडायचे. त्यावर बहुतेक ठिकाणी ताशी ६० मैलांची मुभा आहे आणि कडेला जागा नाही. ए४२९ म्हणजे रोमनांचा फॉस वे. सरळसोट असल्यामुळे गाड्या सुसाट असतात. बर्फर्डहून बायबरीला जाणारा बी४४२५ नकाशावर मोहात पाडतो, सरळ आणि जवळचा. तो टाळा. वाचलेल्या अर्ध्या तासाच्या बदल्यात सगळा वेळ मागून येणाऱ्या गाडीचा कानोसा घेण्यात जातो.

आता प्रत्यक्ष मार्ग. रेडिंगहून कॉट्सवोल्ड लाइनवर जाणारी गाडी पकडून चार्लबरीला उतरा, आणि शेवटी त्याच लाइनवरच्या किंगहॅमहून परत या. दोन्ही टोकं एकाच रेल्वेमार्गावर असली की मध्ये काही बिनसलं तरी परतीचं तिकीट वाया जात नाही.

पहिल्या दिवशी दुपारी चार्लबरी ते बर्फर्ड, लीफील्ड आणि स्विनब्रुक मार्गे, सुमारे २० किलोमीटर. लीफील्डपर्यंत चढ, मग विंडरशच्या खोऱ्यात उतार. स्विनब्रुकहून नदीकाठाने बर्फर्डला जाताना विडफर्डचं सेंट ओसवाल्ड चर्च लागतं. रस्ता सोडून गवतातून थोडं चालत जावं लागतं. गाव कधीच नाहीसं झालंय, शेतात एकटं चर्च उरलंय, आणि ते उभं आहे एका रोमन घराच्या जागेवर. भिंतींवर मध्ययुगीन चित्रं आहेत. बर्फर्डचं मोठं चर्च लोकरीच्या व्यापारातल्या पैशाचं. १६४९ मध्ये, इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात, संसदेच्या फौजेतल्या क्रॉमवेलने समान हक्क मागणाऱ्या बंडखोर ‘लेव्हेलर’ सैनिकांना तिथेच कोंडलं होतं.

दुसरा दिवस सगळ्यात लांबचा, साधारण ४० किलोमीटर, आणि सगळ्यात चांगलाही. बर्फर्डची मुख्य पेठ उभ्या चढाची आहे, सकाळी थंड पायांनी जोर लावू नका, सायकल ढकला. वर ए४० ओलांडून वेस्टवेल, तिथून ईस्टलीच. लीच नदीच्या दोन काठांवर दोन चर्च हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मध्ये सपाट दगडी फरशांचा जुना पूल. न्याहारीनंतरचा पहिला थांबा इथेच घ्या. मग हॅथरॉप, कोल्न सेंट ऑल्डविन्स, बायबरी. बायबरीची आर्लिंग्टन रो ही विणकरांच्या घरांची रांग इतक्या वेळा छापली गेली आहे की दुपारी तिथे पर्यटकांची रीघ असते. अर्धा तास पुरे. खरी गंमत पुढे आहे. ॲब्लिंग्टन, विन्सन, कोल्न रॉजर्स, कोल्न सेंट डेनिस ही चार खेडी कोल्न नदीकाठी एकामागोमाग येतात, आणि बायबरीतल्या गर्दीतलं कुणी इकडे फिरकत नाही. फॉसब्रिजला ए४२९ ओलांडा. सायकलवरून नको, उतरून, दोन्हीकडे मोकळं दिसल्यावर. पुढे यानवर्थ मार्गे नॉर्थलीचला मुक्काम. पायात दम असेल तर यानवर्थजवळचा चेडवर्थचा रोमन व्हिला पाहता येतो. १८६४ मध्ये सापडलेली त्याची नक्षीदार फरशी पाहण्यासारखी आहे.

तिसऱ्या दिवशी फार्मिंग्टन, शेरबोर्न, क्लॅप्टन मार्गे बोर्टन-ऑन-द-वॉटर. अंतर वीस किलोमीटरच्या आतलं, पण क्लॅप्टन टेकडीवर आहे. तिथे ढकलायची तयारी ठेवा. बोर्टनला दुपारी पोहोचलात तर सामान खोलीवर टाका आणि रिकाम्या सायकलींवर लोअर स्लॉटर, अप्पर स्लॉटर, नॉन्टन, गायटिंग पॉवर असा फेरा करा. अप्पर स्लॉटरमध्ये युद्धस्मारक शोधू नका. दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेले या गावचे सगळे लोक जिवंत परतले. नॉन्टन खोल खोऱ्यात आहे, उतरताना मजा, निघताना नाही. चौथ्या दिवशी विक रिसिंग्टन, आइकम, ब्लेडिंग्टन करत किंगहॅम स्टेशन, पंधरा किलोमीटरच्या आसपास. विक रिसिंग्टनच्या चर्चमध्ये संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट १८९२ मध्ये, सतराव्या वर्षी, ऑर्गन वाजवायच्या नोकरीवर होता.

सायकलीबद्दल. हायब्रिड या कामाला उत्तम, फक्त सगळ्यात हलका गिअर तपासा. पुढची सगळ्यात लहान चक्री २८ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी ३४ ची असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेसहा किलोमीटर. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर एका फेऱ्यात २.६ मीटर, म्हणजे त्याच फेऱ्यांना साडेनऊचा वेग. सामानासह दहा टक्क्यांच्या चढावर तो पन्नाशीच्या गुडघ्यांना टिकत नाही. गुडघा दुखतो तो बहुतेकदा चढामुळे नव्हे, जड गिअर सावकाश रेटल्यामुळे. मागची कॅसेट, म्हणजे चक्र्यांचा संच, बदलणं हा स्वस्तातला उपाय आहे, पण मोठी चक्री आपल्या डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला, चालते का हे दुकानात विचारून घ्या. १४ टक्क्यांच्या वरच्या चढावर कोणताही गिअर असला तरी उतरून ढकलणं हेच शहाणपण. वेगात फारसा फरक पडत नाही आणि पाठीला विश्रांती मिळते. दोघांपैकी एकाचा दम कमी असेल तर त्याच्यासाठी ई-सायकल भाड्याने घ्या. त्यात काही कमीपणा नाही. फक्त तिचं वजन वीस-पंचवीस किलो असतं आणि रेल्वेत ती उचलावी लागते, हे आधी विचारात घ्या.

टायर ३५ ते ३८ मिलिमीटर रुंद हवेत. पंचाहत्तर किलोच्या माणसाला सामानासह मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआयच्या आसपास हवा पुरते. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तिथपर्यंत भरली तर खडबडीत गल्लीत हात बधिर होतात. मडगार्ड हवेतच. सामान माणशी सात-आठ किलो, तेही पाठीवर नाही, मागच्या कॅरिअरवर दोन पिशव्यांत सारखं वाटून. पिशवी इतकी मागे सरकवा की टाच तिला लागणार नाही.

निघण्याआधी कॅरिअरचे बोल्ट पाहा. ते पाच मिलिमीटरचे असतात, चार मिलिमीटरच्या ॲलन किल्लीने आवळले जातात, आणि हादऱ्यांनी हळूहळू सैल होतात. एक पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोही तुटतो. दोन जादा बोल्ट आणि चार-पाच प्लॅस्टिकच्या झिप टाय जवळ असल्या की पुढच्या गावापर्यंत निभावतं. साखळी मापकावर ०.७५ टक्क्यांपेक्षा जास्त ताणलेली दाखवत असेल तर बदला. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर घासणारे, असतील तर रबराच्या खाचा शिल्लक आहेत ना ते बघा. पावसात या भागातला चुनखडीचा पांढरट चिखल रिमवर चिकटतो आणि पॅड घासून काढतो. संध्याकाळी ओल्या फडक्याने रिम पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर पंक्चरची तयारी जास्त ठेवा. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, इंग्लंडमध्ये शेताची कुंपणं छाटायला बंदी आहे. ती उठली की ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्राने छाटणी सुरू होते आणि हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. रस्त्यावर ताज्या हिरव्या काटक्यांचा चुरा दिसला तर उतरून सायकल उचलून न्या, निदान चाकाच्या वाटेतला कचरा टाळा.

पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्याआधी काटा सापडलाच पाहिजे. त्यासाठी एक सवय कामाची आहे: टायर बसवताना त्यावरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हच्या शेजारी आणायचं. मग ट्यूब काढून हवा भरली, छिद्र व्हॉल्व्हपासून किती लांब ते पाहिलं, की टायरवर तेवढ्याच अंतरावर, डावीकडे किंवा उजवीकडे, काटा असतो. आतून बोट फिरवू नका, फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे काटा. ब्लॅकथॉर्नचं टोक टायरच्या रबरात मोडून बसतं आणि बाहेरून अजिबात दिसत नाही. ते बोटात मोडलं तर जखम चिघळते. टोक चिमट्याने आतल्या बाजूने ओढून काढा. छिद्र ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर काटा शोधूच नका. ते काम स्पोकच्या टोकाचं आणि सरकलेल्या रिमपट्टीचं असतं. शेजारी शेजारी दोन छिद्रं दिसली तर हवा कमी होती आणि ट्यूब रिमखाली चिमटली.

अरुंद गल्ल्यांत दोन्हीकडे डोक्याच्या वर कुंपण असतं. वळणावर कुंपणाला चिकटून चालवलंत तर समोरून येणाऱ्याला तुम्ही उशिरा दिसता. आंधळ्या वळणाआधी थोडं रस्त्याच्या मधोमध या, वेग कमी करा आणि ट्रॅक्टरचा आवाज ऐका. वाहतूक भारतासारखीच डावीकडून, ती अडचण नाही. या गल्ल्यांत मध्ये खडीचा किंवा गवताचा पट्टा असतो, तो तिरका ओलांडू नका, चाक घसरतं. मागे गाडी साचली तर रुंद जागी थांबून तिला जाऊ द्या, जाणारा बहुधा हात करतो. घोडेस्वार दिसला तर लांबूनच आवाज द्या, घंटीने घोडा बिचकतो. डाव्या बाजूने घुसू नका, उजवीकडून सावकाश आणि पुरेसं अंतर ठेवून जा. रस्त्यावर लोखंडी नळ्यांची जाळी आली, ती गुरांसाठी असते, तर सरळ काटकोनात आणि ब्रेक न लावता पार करा. ओढा रस्त्यावरून वाहत असेल तर तळाच्या शेवाळावरून सायकल हमखास घसरते. शेजारी पादचारी पूल असतो, तो वापरा.

पाऊस आला तर खेड्यातलं चर्च. दारासमोरच्या पोर्चमध्ये दगडी बाक असतो आणि दार बरेचदा उघडं असतं. पाण्याची बाटली पबमध्ये भरून मिळते. दारूचा परवाना असलेल्या जागी गिऱ्हाइकाला नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं.

खाण्याचं खरं संकट शाकाहाराचं नाही, वेळेचं आहे. पबचं स्वयंपाकघर साधारण बारा ते अडीच आणि सहा ते साडेआठ-नऊ एवढंच चालतं. पावणेतीनला पोहोचलात तर कुरकुऱ्या वेफर्सच्या पाकिटावर भागवावं लागतं. शाकाहारी पदार्थ जवळजवळ सगळीकडे असतो: भाजलेल्या बटाट्यावर बीन्स आणि चीज, भाज्यांचं सूप, किंवा ब्रेड, चेडर आणि लोणच्याची प्लाउमन्स थाळी. काही चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं. चालत नसेल तर आधी विचारा. सूपचा स्टॉक कशाचा आहे हेही विचारा, ते लोक न रागावता सांगतात. खेड्यांतली दुकानं लवकर बंद होतात आणि वाटेतल्या निम्म्या गावांत दुकानच नाही, म्हणून दुपारचं खाणं सकाळीच बर्फर्ड, नॉर्थलीच किंवा बोर्टनमध्ये घेऊन ठेवा. दशम्या आणि चटणी घरून नेलीत तर पहिले दोन दिवस ही चिंताच नाही.

खोली घेताना दोन गोष्टी विचारा: सायकली रात्री कुलूपबंद जागेत ठेवता येतील का, आणि ओले कपडे वाळवायला जागा आहे का. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पुष्कळ ठिकाणी एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत, दोन रात्रींची अट असते. सोमवारी अनेक पबची स्वयंपाकघरं बंद. आणि रविवारी रेल्वेची दुरुस्ती निघाली की गाडीऐवजी बस येते, जी सहसा सायकल घेत नाही. या तिन्ही कारणांनी मंगळवारी निघून शुक्रवारी परतणं सगळ्यात सोयीचं.

रेल्वेत सायकलसाठी वेगळे पैसे पडत नाहीत, पण ग्रेट वेस्टर्नच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत जागा मोजक्या असतात, तिकिटासोबतच ती आरक्षित करा. तिथे सायकल पुढच्या चाकाने हुकावर उभी टांगावी लागते. फलाटावर गाडी येण्याआधीच पिशव्या काढून एकाने त्या सांभाळायच्या, दुसऱ्याने दोन्ही सायकली चढवायच्या. रुंद हँडल किंवा जाड टायर असेल तर शेजारची सायकल अडते, म्हणून एकीचं हँडल थोडं वळवून टांगा. किंगहॅमहून परतीची गाडी दुपारी तीननंतरची धरा. पंधरा किलोमीटरसाठी एवढा वेळ जास्त वाटेल, पण एक पंक्चर, ब्लेडिंग्टनच्या हिरवळीवर एक चहा आणि आइकमच्या वाटेवर एक चुकलेलं वळण त्यात मावतं.